दोनच घास

भाद्रपदातल्या एका सकाळी, भुरभुर पावसात, पळसदरी स्टेशनच्या फलाटावर एक मुलगी धावत आली आणि बुकिंग क्लार्क वाल्मिक काठी घेऊन बाहेर पडला.

"कोण मागं लागलंय?"

मुलगी बाकावर कोसळली. बोलायला श्वास नव्हता, म्हणून तिनं हातानंच ‘कुणी नाही’ असं सांगितलं. वाल्मिकनं तरीही रस्त्याकडं डोकावून पाहिलं. रस्त्यावर एक म्हैस होती, पण तिचा काही वाईट हेतू दिसत नव्हता.

"मग पळत होतात कशापायी?"

"असंच..."

एकोणीसशे चौऱ्याऐंशी साली कर्जत तालुक्यात असंच कुणी पळत नसे. चोर पळत, त्यांच्या मागं कधीमधी पोलीस पळत. चांगल्या घरची मुलगी सलवार-कमीज आणि कॅनव्हासचे बूट घालून पळते, याला काहीतरी कारण हवं होतं.

"एक कर्जत द्या," श्वास परत आल्यावर ती म्हणाली.

"आलात कुठनं?"

"कर्जतहून."

"कर्जतहून पळत आलात — आणि कर्जतलाच जायचं?" वाल्मिकनं काठी भिंतीला टेकवली. "मग तिथंच थांबायचं की वो. आमच्या रेल्वेचं तिकीट वाचलं असतं."

ती हसली. पावसानं तिचे केस कपाळाला चिकटले होते. वाल्मिकनं पुठ्ठ्याचं तिकीट दिलं, सुट्टे दिले, आणि नंतर तो बराच वेळ खिडकीत तसाच उभा राहिला, तिकीट घ्यायला दुसरं कुणीही नसताना.

ही शकू. कर्जतच्या सखाराम भातगिरणीवाल्यांची एकुलती एक लेक. लहानपणापासून ती गिरणीची चालती-बोलती जाहिरात होती. या गिरणीचा तांदूळ खाल्ला की काय होतं, ते गिऱ्हाइकाला समोरच दिसायचं. घरात वजनकाटा कधी आणला नाही, कारण गिरणीत पोत्यांचा होता. पुढं ती बी.ए. झाली आणि स्थळं येऊ लागली. मंडळी येत, पोहे खात, शकूकडं एकदा आणि दाराच्या रुंदीकडं एकदा बघत, आणि ‘कळवतो’ म्हणून जात. कळवलं कुणीच नाही.

मग अमेरिकेहून परतलेला एक सर्जन मुंबईत पोट लहान करून देतो, असं सखारामशेठच्या कानावर आलं. सदरा अंगाबरोबर करून घ्यावा, इतक्या सहजपणे त्यांनी ते ठरवलं. सर्जननं शकूच्या पोटाला टाके मारून त्याची वाटीएवढी पिशवी केली.

"कुनाला बोलायचं नाय," सखारामशेठनी घरी येताच बजावलं. "अपेंडिक्स काढलं, म्हनून सांगायचं."

वर्षभरात शकू निम्मी झाली. अपेंडिक्स काढल्यानं माणूस निम्मं होतं, हे कर्जतकरांनी बिनतक्रार मान्य केलं. दोघीतिघींनी तर आपापल्या सुनांच्या अपेंडिक्सची चौकशीही केली.

निम्मं होणं सोपं नव्हतं. एका वेळी चार-सहा घास, तेही पीठ होईपर्यंत चावून. अंडं, मुगाची उसळ, माशाचा तुकडा, नाचणीची चतकोर भाकरी. गोड अजिबात नाही. एखादा घास जास्त झाला की दरदरून घाम फुटे, छाती धडधडे आणि सगळं उलटून पडे. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं, ती चालू लागली. एक दिवस रेल्वे फाटक बंद होताना तिनं ते धावत ओलांडलं, आणि पलीकडं पोचल्यावर थांबायचं तिच्या लक्षातच राहिलं नाही. शरीर पहिल्यांदाच तिच्या बाजूनं होतं.

पण एका भीतीच्या पुढं मात्र तिला धावता येत नव्हतं. लग्न होऊन ती ज्या घरी जाईल, तिथं कुणीतरी प्रेमानं वाढील, आणि तिला ते खाता येणार नाही. आपल्याकडं माया वाढण्याची दुसरी रीत कुणाला ठाऊक आहे?

पळसदरी तिला बेताच्या अंतरावर होती. धावत यायचं, बाकावर बसून डबीतले घास खायचे, आणि गाडीनं परत. त्याच वेळी वाल्मिकही न्याहारीला बसे. तो किडकिडीत होता आणि चार भाकऱ्या खाई. मूळचा पाथर्डीकडचा. बहात्तरच्या दुष्काळात राहिलेलं जेवण वसूल करतोय, असं तो म्हणे.

"मॅडम, हा एक घास तुम्ही कवापासून चावताय?"

"मोजू नका, मास्तर."

"मोजत न्हाई. पण खोपोलीची गाडी येऊन गेली, तवाही हाच होता."

"तुम्ही चावत नाही, नुसतं आत टाकता. पोटाला दात असतात का?"

दुसऱ्या दिवसापासून तो तिच्याबरोबर चावू लागला. ती थांबेपर्यंत थांबायचं नाही. त्यामुळं त्याची एक भाकरी गाडी यायच्या आत संपेना, आणि खिडकीशी खोळंबलेले प्रवासी ‘मास्तर, तिकीट’ म्हणून ओरडू लागले. वाल्मिक तोंड भरलेलंच ठेवून हातानं त्यांना ‘थांबा’ म्हणे. शकूला हसू आवरेना... आणि हसताना घास गिळायचा नसतो, म्हणून ती आणखी वेळ चावत बसे.

पाऊस सरला. भाताला लोंब्या आल्या, सकाळच्या हवेला त्यांचा कोवळा वास येऊ लागला. शकू आता दम न लागता पळसदरी गाठत होती, आणि तरीही आधीपेक्षा जास्त वेळ बाकावर बसत होती. एका सकाळी वाल्मिकनं विचारलं —

"एक विचारू? तुम्ही घरच्यांशी भांडून उपास करताय का?"

शकूनं डबीचं झाकण लावलं. बापानं बजावलेलं तिला आठवलं. मग तिनं सगळं सांगितलं. सर्जन, टाके, वाटीएवढं पोट, पोत्यांचा काटासुद्धा. सांगताना ती रुळांकडं बघत होती. संपल्यावरही तिकडंच बघत राहिली.

वाल्मिक तोंडातला घास संपेपर्यंत चावत राहिला. मग म्हणाला, "एवढंच व्हय?"

"एवढंच?"

"मला वाटलं, टी.बी. हाय." त्यानं उरलेली भाकरी दोन बोटांत धरली. "जलमभर तुमच्या वाटचं म्या खाईन. मला काय, जागाच जागा हाय."

ही लग्नाची मागणी होती, हे शकूला गाडीत बसल्यावर कळलं. कर्जत येईपर्यंत ती दारात उभी होती आणि वारा डोळ्यांत जातोय असं स्वतःला सांगत होती.

जात जुळत होती, म्हणजे बाकी काही जुळायला हरकत नव्हती. सखारामशेठनी नोकरी सरकारी आहे ना एवढं पाहिलं. वाल्मिकला वडील नव्हते. त्याची आई अंबाबाई पाथर्डीहून मुलगी बघायला पळसदरीच्या रेल्वे क्वार्टरमध्ये येणार, आणि शकूला नि तिच्या आईबापांना तिथंच जेवायला घालणार, असं ठरलं.

"आईला सांगितलंत?" शकूनं विचारलं.

"सांगतो की... लगीन झाल्यावर, सावकाश. तुम्ही काळजी करू नका. म्या शेजारी बसतो. तिचं लक्ष न्हाईसं बघून तुमच्या ताटातलं उचलीन."

बेत चांगला होता. त्यात एकच गोष्ट दोघांच्या ध्यानात आली नाही. आधी पुरुषांची पंगत बसते.

बाहेरच्या खोलीत सखारामशेठ आणि वाल्मिक जेवून उठले. मग आत अंबाबाईंनी तीन पाट मांडले. शकूला, तिच्या आईला, आणि स्वतःला. पण स्वतः त्या बसल्याच नाहीत, वाढत राहिल्या. पुरणपोळ्या होत्या. एकेक पोळी तव्याएवढी, वर तुपाची धार. अंबाबाई बुटक्या, काळ्यासावळ्या, हाताच्या बोटांना खडी फोडल्याचे जुने घट्टे. त्यांचं सगळं तोंड आनंदानं उजळलं होतं.

शकूनं आमटीभाताचे चार घास खाल्ले. पोळीचा एक कोपरा मोडून ठेवला.

"लाजतीय गं बाई," अंबाबाई म्हणाल्या. "आता हे तुजं घर. खा."

"झालं माझं, खरंच."

"झालं? चिमणी बी यापरीस जास्त खाती. विहीणबाई, सांगा की तुमी तरी."

शकूच्या आईनं, सोनुबाईनं, ताटात मान घातली. सगळं ठाऊक असलेली ती बाई नवऱ्याच्या धाकानं भात कालवत राहिली.

"माज्या हातचं आवडलं न्हाई व्हय?" अंबाबाईंचा चेहरा उतरला. थट्टेतला रुसवा नव्हता तो, खरंच उतरला.

शकूनं वर पाहिलं. दारात वाल्मिक उभा होता. त्याला दिसत होतं. त्यानं फक्त तोंड उघडायचं होतं. त्यानं आईकडं पाहिलं, तिच्या हातातल्या तुपाच्या वाटीकडं पाहिलं, आणि तोंड उघडलं.

"खा की... आई एवढं म्हणतीय तर. दोनच घास."

शकूनं दोन घास खाल्ले. चावले, पण नीट चावता आले नाहीत.

थोड्या वेळात ती परसात भिंतीला धरून ओकत होती. कपाळ घामानं थबथबलं होतं. पाठीवर एक खरखरीत हात फिरत होता, आणि अंबाबाई अगदी हळू, दुसऱ्या कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं, विचारत होत्या —

"पोरी, दिवस गेलेत का? माज्या वाल्याचं आसंल तर सांग. म्या काय बोलायची न्हाई."

यावर अपेंडिक्स चालणार नव्हतं. शकूनं तोंड धुतलं आणि खरं ते सांगितलं.

अंबाबाईंना ते समजायला वेळ लागला. त्या परसातल्या दगडावर बसल्या.

"म्हंजी... पैसं दिऊन? खाता येऊ नये म्हनून?"

"हो."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या बोटांवरचे घट्टे चोळत राहिल्या. मग म्हणाल्या, "वाल्याच्या पाठीवर मला जिजा हुती. बहात्तरला गेली. म्या खडी फोडायची, सरकारची सुकडी मिळायची, ती बी पुरायची न्हाई. ‘आये, अजून वाईच’ म्हनायची. अजून काय देऊ? तवापास्नं माज्या दारात कुनी उपाशी उठलं न्हाई बग."

आतून सखारामशेठचा आवाज येत होता. ते गिरणीच्या नव्या मोटारीबद्दल सांगत होते.

आठवडाभर ती धावली नाही. मग एका सकाळी धावत पळसदरीला आली. वाल्मिक बाकावरच बसला होता.

"आई गावाकडं गेली," तो म्हणाला. "जाताना रडली."

"माझ्यामुळं?"

"तुमच्यासाठी. पोरगी सोन्यासारखी हाय म्हणाली."

"आणि?"

"आणि म्हणाली, तिचं ताट बघितलं की मला जिजा दिसंल. रोज. मला तिच्यापुढं बसून घास गिळायचा न्हाई." तो घाईनं पुढं बोलला, "पण आपण हितं राहू, ती तिकडं —"

"एकटी?"

आईला त्याच्याशिवाय कुणी नव्हतं, हे त्यानंच कधीतरी हसत हसत सांगितलं होतं.

"तुम्ही दारात होतात," शकू म्हणाली.

"व्हय." त्यानं मान खाली घातली. "मला वाटलं, दोन घासांनी काय होतंय."

"मलाही तसंच वाटलं. म्हणून तर खाल्ले... तुम्ही सांगितलंत म्हणून खाल्ले, मास्तर. उद्या पुन्हा सांगाल, पुन्हा खाईन. सणाला, पाहुण्यांत, तुमच्या आईंच्या डोळ्यांत पाणी आलं की. त्या वाईट असत्या तर मी भांडले असते."

पळसदरीच्या धरणाकडून धुकं येत होतं. त्यात त्याचा चेहरा नीट दिसत नव्हता, आणि तेच बरं होतं.

"तुम्ही मला फार आवडता," ती म्हणाली. इतक्या दिवसांत हे दोघांपैकी कुणीच बोललं नव्हतं. "एवढे की, तुम्ही आता पुन्हा विचारलंत तर मला नाही म्हणता येणार नाही. म्हणून विचारू नका."

वाल्मिकनं तिच्याकडं पाहिलं. त्याचे ओठ हलले. शकू थांबली. तिनं नको म्हटलं होतं खरं, पण थांबली होती हेही खरं.

वाल्मिकनं विचारलं नाही. तो सांगितलेलं ऐकणारा माणूस होता. सगळा घोटाळा तोच होता.

ती उठली. कर्जतच्या गाडीला अवकाश होता, आणि त्याच्या समोर बसून वाट बघणं तिला शक्य नव्हतं. ती घराच्या उलट दिशेला, खोपोलीच्या बाजूला धावू लागली. मागं वळली नाही. वळली असती, तर तो अजून उभाच दिसला असता.

धावता धावता तिला रडू आलं, आणि एक अडचण लक्षात आली. दोन्ही एकदम होत नाही. रडायला लागलं की छाती आवळते, पाय जड होतात. तिनं रडणं दाबलं. वाटेत कापलेल्या भाताची शेतं गेली, एक मोरी गेली, कुणाची तरी कुत्री भुंकत थोडी मागं आली. पुढच्या स्टेशनच्या, केळवलीच्या फलाटावर पोचल्यावर मात्र पायांनी ऐकलं नाही. ती एका झाडाखाली बसली, आणि मोठ्यानं रडू लागली.

बाजूला वाडीवरची एक म्हातारी लाकडाची मोळी टेकवून बसली होती. तिनं काही विचारलं नाही. तांब्यातलं पाणी तेवढं पुढं केलं. शकू पाणी प्यायली आणि शरमेनं डोळे पुसायला लागली.

"पुसतेस कशाला?" म्हातारी म्हणाली. "रड गं बाय. गाडीला अजून येळ हाय."

शकू रडली. गाडी आली, म्हातारी मोळी घेऊन चढली, गाडी गेली. फलाट रिकामा झाला. शकूनं बुटांच्या नाड्या पुन्हा बांधल्या आणि खोपोलीच्या दिशेनं धावू लागली. पहिल्यांदा अगदी हळू.