बेचाळीस किलोमीटर

गाडीतला इंजिनचा पिवळा दिवा लागला तेव्हा मी दूध घेऊन घरी येत होतो. सकाळचे सात वाजले असतील. काट्यांच्या मधे तो छोटासा इंजिनच्या आकाराचा दिवा पेटला आणि पेटलेलाच राहिला. गाडी नीट चालत होती. आवाज नाही, धक्का नाही.

हिला जाऊन तेव्हा सोळा दिवस झाले होते.

मी पाणीपुरवठ्यात एकतीस वर्षं मीटर वाचायचं काम केलं. घरोघरी जायचं, झाकण उचलायचं, आकडा टिपायचा. निवृत्त झालो तरी सवय गेली नाही. रोज संध्याकाळी फाटक लावताना मी गाडीचा किलोमीटरचा आकडा वहीत लिहितो. ही हसायची. "अहो, आता गाडीलाही बिल पाठवणार का?"

ती गेली त्या दिवशीही मी आकडा लिहिला. घर माणसांनी भरलं होतं, मुलगी अजून रस्त्यातच होती, आणि मी बाहेर जाऊन काचेतून आकडा टिपला. का, ते मला सांगता येणार नाही. आदल्या संध्याकाळपेक्षा तो बेचाळीसने जास्त होता.

दुपारी सव्वाबाराला ही "शिंप्याकडे जाऊन येते" म्हणून निघाली होती. शिंप्याचं दुकान जाऊन-येऊन चार किलोमीटर. पावणेचारला मी दार उघडलं तर गाडी फाटकाशी उभी होती, नीट कडेला लावलेली, आणि ही स्टिअरिंगमागे बसलेली होती. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, घटकेत झालं असणार.

दोन दिवसांनी मी शिंप्याकडे गेलो. तो म्हणाला, वहिनी आल्याच नाहीत.

मुलीला मी हे सांगितलं नाही. ती जाताना एवढंच म्हणाली, "बाबा, ती एकटी होती हेच मला सहन होत नाही." मी मान हलवली. पण माझ्या डोक्यात तो आकडा बसला होता. बत्तीस वर्षांच्या संसारात ही मला न सांगता कोपऱ्यावरच्या दुकानातसुद्धा गेली नव्हती.

दिवा लागला तसा मी मिस्त्रीकडे गेलो. गाडी घेतल्यापासून तोच बघतो. त्याने स्टिअरिंगखाली टेस्टरची वायर लावली, बटण दाबलं, दिवा विझला.

"काही नाही काका. सेन्सर कधीकधी उगाच ओरडतो. पुसून टाकलंय."

दोन दिवसांनी दिवा परत लागला.

या वेळी त्याने टेस्टर जरा नीट बघितला. म्हणाला, "दिवा लागतो ना, त्या क्षणाला गाडी स्वतःचा एक फोटो काढून ठेवते. म्हणजे वेग किती होता, इंजिन किती वेळ चालू होतं, मागच्या वेळी पुसल्यापासून किती पळाली. हे बघा, तीन किलोमीटर. वेग चौतीस."

"तीन?" मी म्हणालो. "तुझ्याकडून घरी गेलो, तो एक. मग दुधाला गेलो, तो अर्धा. दिवा दुधाच्या दुकानाशी लागला. मी उभा होतो."

"काका, तुम्ही पण ना. मीटर वाचायचे दिवस गेले आता."

मी वही दाखवली. त्याने आकडा ताडून बघितला, टेस्टर हलवला, शेजारच्या टॅक्सीला लावून बघितला. टॅक्सीचं सगळं बरोबर आलं. त्याने माझ्या गाडीचा सेन्सर बदलला आणि सगळं पुन्हा पुसलं.

तिसऱ्या वेळी फोटोत आठ किलोमीटर होते, वेग एक्कावन्न. गाडी खरं तर दीडच किलोमीटर चालली होती. चौथ्या वेळी सोळा, वेग चौसष्ट. त्या आठवड्यात गाडी फाटकाबाहेर एकदाच गेली होती. पाचव्या वेळी एकवीस किलोमीटर, वेग शून्य, इंजिन चालू, सुरू करून अडुसष्ट मिनिटं झालेली.

मिस्त्रीने एव्हाना प्लग बदलले होते, वायरी बदलल्या होत्या, पेट्रोलच्या टाकीचं झाकणही नवं बसवलं होतं. तो टेस्टर हातात धरून उभा राहिला.

"आकडे पुढे चाललेत," तो म्हणाला. "बिघाड असा पुढे पुढे जात नाही, काका. बिघाड जिथे असतो तिथेच असतो."

एकवीस म्हणजे बेचाळीसचं निम्मं, हे मला केव्हाच कळलं होतं. फक्त ते कळून काय करायचं हे कळत नव्हतं. गाडीच्या पोटात हिचा शेवटचा प्रवास साठून राहिला होता म्हणावं, तर मिस्त्री तो दर वेळी पुसत होता. पुसलेलं परत कुठून येत होतं?

शेवटी मी त्याला सगळं सांगितलं. तो हात पुसत ऐकत राहिला. मग म्हणाला, "रविवारी दुकान बंद असतं. सकाळी येतो."

रविवारी नऊला आम्ही निघालो. मी चालवत होतो, तो डावीकडे बसला होता. घराच्या फाटकाशी त्याने फेरीचे किलोमीटर मोजणारा छोटा आकडा शून्यावर आणला. आमच्या भागातून चौसष्टच्या वेगाने जाता येईल असा रस्ता एकच आहे, कारखान्यांकडे जाणारा. तीन किलोमीटरला चौक आला. आठला पूल. सोळाला वस्ती संपली आणि दोन्ही बाजूंना नुसती कुंपणं लागली. या रस्त्यावर आमचं कुणी राहत नाही. हिचं माहेर उलट्या दिशेला.

"एकवीस," मिस्त्री म्हणाला. मी गाडी कडेला घेतली.

सिमेंटची एक बसशेड होती. पलीकडून नवा रस्ता झाल्यापासून इथे बस थांबत नाही. आत एक बाक, त्यावर धूळ. रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला पंक्चरवाल्याची टपरी होती. तो आमच्याकडेच बघत होता.

"हवा?" तो ओरडला.

"नको," मिस्त्री म्हणाला. "विचारायचंय जरा."

तो रस्ता ओलांडून आला. गाडीला एक फेरी मारली आणि म्हणाला, "ही गाडी येऊन गेलीय. बाई होत्या. महिना झाला असेल."

मिस्त्रीने विचारलं, "किती वेळ होत्या?"

"बराच. इंजिन चालू ठेवून. मला वाटलं गाडी बंद पडेल म्हणून घाबरतायत. मी विचारायला निघालो होतो, तर बोलत होत्या, मग मी गेलो नाही."

"कुणाशी?"

"फोनवर असतील. हे दार उघडं होतं." त्याने डावीकडच्या दारावर हात ठेवला. "त्या आत, आपल्या जागेवर. आणि बोलणं या बाजूला तोंड करून."

हिचा फोन त्या दिवशी घरी फ्रिजवर होता. मी स्वतः तो नंतर उचलला.

"भांडत होत्या का?" मी विचारलं.

"छे हो. समजूत काढत असल्यासारखं. लहान पोराला म्हणतात ना, चल आता, चल घरी, तसं."

"मग?"

"मग हे दार लागलं आणि गाडी वळली."

"कुणी बसलं?"

त्याने डोकं खाजवलं. "बसताना कुणी दिसलं नाही."

"मग दार कुणी लावलं?"

"ते मी बघितलं नाही. माझं लक्ष टायरकडे असतं, साहेब, माणसांकडे नाही. बसून बसून तीच सवय." त्याने मागचा टायर पायाने दाबून बघितला. "डावीकडचे दोन्ही टायर दबले. चांगलेच. मला वाटलं, हवा कमी आहे, ओरडून सांगावं. तोवर गाडी गेली."

मी शेडमध्ये गेलो. बाकावरची धूळ सगळीकडे सारखी होती. भिंतीवर काही नाही. मागे मोकळं रान, त्यात एकही वाट नाही. मी तिथे किती वेळ उभा होतो ते माहीत नाही. मिस्त्रीने हॉर्न वाजवला तेव्हा आलो.

परत निघताना मिस्त्री मागच्या सीटवर बसला.

"पुढे ये की," मी म्हणालो.

"नको काका. पाय लांब करतो जरा."

पूर्ण रस्ताभर त्याचे गुडघे पोटाशी होते. मला आरशात दिसत होतं.

त्यानंतर दिवा दोनदा लागला. पहिल्या फोटोत तेहतीस किलोमीटर, वेग बावीस. ज्या रस्त्याने ही चौसष्टने गेली, त्याच रस्त्याने बावीसने परत येत होती. मिस्त्रीने एका आकड्यावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "इंजिनवर ताण बघा. गच्च भरलेली गाडी चढावर नेल्यासारखा." तिथे चढ नाही. आम्ही दोघांनीही तो रस्ता बघितला होता.

दुसरा फोटो बेचाळीसचा. वेग शून्य. इंजिन चालू, सुरू करून दोन तास पंचावन्न मिनिटं.

घरी येऊन मी वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. सव्वाबारा आणि दोन पंचावन्न, म्हणजे तीन वाजून दहा मिनिटं. जाताना लागलेला वेळ, शेडपाशी थांबली तो वेळ, परतीचा वेग, सगळं धरून गाडी फाटकाशी अडीचच्या सुमारास पोचली असणार. म्हणजे ही निदान चाळीस मिनिटं इंजिन चालू ठेवून दाराशी बसून होती.

मी तेव्हा पुढच्या खोलीत नळाचा वायसर बदलत होतो. रेडिओ लावला होता. फाटक पंधरा पावलांवर.

बाहेर गाडीचा आवाज येत होता. हे मला आता आठवतं. वाटलं होतं, शेजारी कुणीतरी थांबलंय.

तिने मला हाक का मारली नाही? हॉर्न का वाजवला नाही? उतरून आत का आली नाही? मी वेगवेगळी उत्तरं करून बघितली. एकही बसेना. एक उत्तर असं होतं की तिला ते घरात आणायचं नव्हतं. ते मी लिहिलं आणि खोडलं.

बेचाळीसचा फोटो पुसताना मिस्त्री म्हणाला, "काका, आता लागला तर दुसऱ्या कुणाला दाखवा. राग मानू नका." मी राग मानला नाही.

पण दिवा परत लागला नाही. एक आठवडा गेला, दोन गेले. मी मुद्दाम गाडी काढायचो, उगाच चौकापर्यंत जाऊन यायचो. दिव्याची जागा काळीच राहायची. खरं सांगायचं तर मला चुकल्यासारखं व्हायचं. दिवा लागत होता तोवर हिचं काहीतरी चालू होतं. आता तेही थांबलं होतं, आणि मला जे हवं होतं ते मिळालं नव्हतंच. ती एकटी होती की नव्हती?

मुलीचा फोन आला. "बाबा, पुरे झालं आता. चार दिवस इकडे या. पोरं विचारतायत, आजोबा कधी येणार."

"गाडीनेच येतो," मी म्हणालो.

"दिव्याचं काय झालं?"

"गेला."

"नक्की ना? मग इथे आलात की शनिवारी पोरांना फिरवून आणा. मोठा पुढेच बसणार म्हणून आत्तापासून भांडतोय."

आज सकाळी आठला मी बॅग मागच्या सीटवर टाकली. घराला कुलूप लावलं. गाडीत बसलो, चावी फिरवली. सगळे दिवे एकदा लागले आणि विझले. पिवळाही विझला.

गाडी सुरू करून मी पट्टा लावला. टुंग टुंग वाजायला लागलं.

माझा पट्टा नीट होता. मी काट्यांकडे बघितलं. लाल खूण डावीकडच्या सीटची होती. त्या सीटवर कुणी बसून पट्टा लावला नाही की आमची गाडी वाजते.

सीटवर काही नव्हतं. मी हात फिरवून बघितलं. पाण्याची बाटलीसुद्धा नाही.

टुंग टुंग चालूच होतं.

मला भीती वाटली नाही. ही नेहमीच पट्टा लावायला विसरायची आणि मी नेहमीच बोलायचो. मी म्हणालो, "अगं, लाव की." आणि मग, कुणी बघत नाही हे बघून, मीच वाकलो. पट्टा ओढला, सीटवरून आणला आणि खटक्यात अडकवला.

आवाज थांबला.

"निघू या?" मी म्हणालो.

मग माझं लक्ष पट्ट्याकडे गेलं.

तो सीटला टेकला नव्हता. कशावरून तरी वळून गेल्यासारखा पुढे आला होता, ताठ.

ही अंगाने अगदी बारीक होती. तिला हातभर पट्टा पुरायचा, बाकीचा आतच राहायचा. आज तो शेवटपर्यंत बाहेर आला होता, आणि जेमतेम पुरला होता.