आजींचं परतीचं तिकीट

विमानतळाच्या पोलीस चौकीत फोन आला तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. बाहेर पडायच्या दारापाशी एक म्हातारी सकाळी नऊपासून बाकावर बसून होती. "मुलगा टॅक्सी बघायला गेलाय. हलू नकोस म्हणालाय," एवढंच सांगत होती.

फौजदार बाईंनी आजींना चौकीत आणवलं, आधी बाथरूमला नेलं, मग तिकिटावरच्या नंबरावर फोन लावला.

मुलगा तासाभरात आला, तो आवाज चढवतच.

"सकाळपासून शोधतोय मी! तुमचे लोक झोपा काढतात काय?"

"तक्रार का नाही केलीत?"

"शोधू की तक्रार करू? टॅक्सी ठरवून आलो, तर आई बाकावर नाही. विसराळू आहे. गेली असेल उठून."

"की सोडून जायचा बेत होता?"

त्यानं मोबाइल पुढे केला. "हे बघा, दोघांचं जाण्यायेण्याचं तिकीट. आठ दिवस फिरायला आलोय. सोडायचं असतं तर तिचं परतीचं कशाला काढलं असतं?"

"पटतंय मॅडम," हवालदार कुजबुजला. "सही घेऊन आजींना याच्या ताब्यात देऊ या?"

बाई आजींचं तिकीट घेऊन विमान कंपनीच्या तिकीट खिडकीवर गेल्या.

"या आजींचं एकेरी तिकीट कितीला पडलं असतं?"

"जाण्यायेण्याच्या तिकिटापेक्षा महाग," खिडकीतली बाई म्हणाली.

"चेष्टा करतेस?"

"रोज भांडतात लोक यावरून. एकाच बाजूला जाणारा बहुतेक अडलेला असतो, कंपनी त्याला पिळते. फिरून परत येणारा दर बघून बेत बदलतो, म्हणून त्याला स्वस्तात. मग लोक दोन्हीकडचं काढतात आणि परतीचं सोडून देतात."

"यांची सगळी नोंद छापून दे."

चौकीत परतल्यावर बाईंनी विचारलं, "आजी, उभं राहता येतं?"

"धरल्याशिवाय नाही गं. दोन वर्षं झाली."

बाईंनी कागद टेबलावर आपटला.

"परतीचं काढलंत, कारण दोन्हीकडचं मिळून स्वस्त पडलं! येताना आईसाठी चाकांची खुर्ची मागितलीत, त्या बाकापर्यंत आणायला. परतीसाठी खुर्ची हवी का विचारलं, तिथे तुम्ही 'नको' म्हटलंय. स्वतःला मात्र खिडकीची जागा! जिला उभं राहता येत नाही ती म्हणे उठून गेली. आणि परतताना काय, जिना चढून विमानात बसणार होती? आठ दिवस मजा करून एकटेच जाणार होतात तुम्ही."

त्याचा आवाज उतरला. "घरात असं माणूस असलं की काय होतं, तुम्हाला काय कळणार?"

"माझ्या सासूबाई चार वर्षं अंथरुणावर आहेत," बाई कडाडल्या. "मीही चिडते. दारं आपटते. विमानतळावर नाही टाकून येत!"

आता आजींनी पदर सावरला.

"बाई, तक्रार लिहा माझी. मी याच्या ताब्यात जाणार नाही. घर माझ्या नावावर आहे. त्याच्याकडून किल्ली घ्या."

"आई! मग आम्ही राहायचं कुठे?"

आजींनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. फौजदार बाईंनी हात पुढे केला.

"किल्ली."