गोदाबाईची मांजर

पटलं नाही तर सोडून द्या. पण यातला एकही शब्द मी पदरचा घातलेला नाही.

हे माझ्या आतेबहिणीसोबत, प्राजक्तासोबत घडलं. मागच्या मे महिन्यात, अकोल्यात, मोर्णा नदीच्या काठाजवळ.

रात्र नव्हती. भर दुपार होती.

प्राजक्ता आणि तिचा नवरा शेखर जठारपेठेतली जागा सोडून तिथे भाड्याने राहायला गेले होते. एकामागे एक तीन खोल्या. पुढे रस्त्यावरचं दार, आणि सगळ्यात मागच्या खोलीला खिडकीसुद्धा नाही. एका बाजूला घरमालकीण पार्बताबाई. दुसऱ्या बाजूला नासिरभाईंचं गाद्या भरायचं दुकान. शेखर बडनेऱ्याला रेल्वेत, सुटीलाच घरी यायचा. एरवी घरात प्राजक्ता आणि तिच्या दोन मांजरी. तांबूस बुंदी आणि काळी मिरी.

नासिरभाईंच्या दुकानात कापूस छतापर्यंत रचलेला असायचा. तो पाहून प्राजक्ताच्या मनात धास्तीच बसली. उद्या ठिणगी पडली तर माणसं पळतील. मांजरींचं काय? मांजर घाबरलं की दाराकडे येत नाही. लपून बसतं.

म्हणून तिने झाकणाच्या दोन टोपल्या आणून दाराशी ठेवल्या. रोज संध्याकाळी तालीम. टोपलीत सुकटीचा तुकडा टाकायचा, हाक मारायची, मांजर आत गेली की झाकण लावायचं.

बुंदी लगेच शिकली.

मिरी मात्र टोपलीपर्यंत यायची आणि थबकायची. मान वळवून मागच्या खोलीकडे बघत राहायची.

एका संध्याकाळी प्राजक्ताने हाक मारली, "मिरी, ये."

आणि मागच्या खोलीतून...

"ये वं माय... ये. भेऊ नको."

बाईचा आवाज. वयस्कर, थकलेला.

प्राजक्ताने मोबाइलचा उजेड पाडला. खोलीत जुनी ट्रंक आणि गुंडाळलेली सतरंजी. बाकी कोणी नाही.

फक्त फरशी ओली होती...

त्या आठवड्यात नळाला पाणीच आलं नव्हतं.

ती तडक पार्बताबाईंकडे गेली. त्या ओट्यावर तुरीची डाळ निवडत बसल्या होत्या.

"मागच्या खोलीत बाईचा आवाज आला, काकू. मांजरीले बोलावून राहिली होती."

पार्बताबाईंचे हात थांबले.

"गोदाबाई असन," त्या म्हणाल्या. "माही नणंद. थ्याच खोलीत राहे. मोर्णेले पूर आला, तवा आमी समदे भायेर निघालो. तिची मांजर काई सापडेना. मी म्हणलं, चाल वं, आधी सोताचा जीव वाचव. नाई आयकलं तिनं. परत आत गेली."

"मग?"

"पाणी उतरल्यावर गवसली. मांजर नाई गवसली."

"हे मले आधी काहून नाही सांगतलं तुमी?"

"सांगतलं असतं तं राह्यली असती का तू?"

त्या रात्री प्राजक्ताने शेखरला फोन केला. तो म्हणाला, महिना संपू दे, दुसरी जागा पाहू. ती मागच्या खोलीला कडी घालून झोपली.

सकाळी कडी निघालेली होती.

तिने पुन्हा लावली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग तिने तिकडे बघायचंच सोडून दिलं.

महिना संपला नाही. त्याआधीच ती दुपार आली.

ऊन असं की रस्त्यावर चिटपाखरू नाही. प्राजक्ता कूलरसमोर पडली होती. अचानक कूलर बंद पडला. पाठोपाठ नासिरभाईंचा आवाज आला, "भाभी, बाहेर निघा. कापसाले आग लागली."

तिने धावत जाऊन पुढचं दार उघडलं आणि मागे वळली. भिंतीच्या वरच्या फटीतून धूर आत येत होता. पांढरा, जाड, घशात बसणारा.

तिने हाक मारली. बुंदी तीरासारखी आली आणि टोपलीत शिरली. झाकण लावून प्राजक्ताने ती टोपली बाहेर ओट्यावर नेऊन ठेवली.

मिरी कुठेच दिसेना.

दुसरी टोपली घेऊन ती परत आत गेली. पलंगाखाली पाहिलं. कपाटामागे पाहिलं. धूर खाली उतरत होता. डोळे उघडवत नव्हते.

"मिरी..."



बाहेरून पार्बताबाई ओरडत होत्या, "प्राजक्ता, भायेर ये वं. जाऊ दे थे मांजर."

 नेमकं हेच त्या एकदा गोदाबाईला म्हणाल्या होत्या.

ती दाराकडे वळली, आणि तेवढ्यात मागच्या खोलीतून मांजर ओरडलं.

बारीक, केविलवाणं...

ती भिंत चाचपत तिकडे गेली. आत काळोख. बाकी घर भट्टीसारखं तापलं होतं, आणि इथे गारवा. पायाखाली चिखल लागला. नदीच्या गाळाचा वास.

तिने अंधारात हात पुढे केले.

कोणीतरी तिच्या हातात मांजर दिलं.

ते तिने उचललं नाही. तिच्या हातात दिलं गेलं. तिच्या मनगटाला बोटं लागली. बर्फासारखी. सुरकुतलेली.

"ने वं माय... इले भायेर ने."

मांजर निथळत होतं. जड होतं. पण हातात धडधड लागत होती. प्राजक्ताने ते टोपलीत कोंबलं, झाकण दाबलं आणि पळत सुटली.

रस्त्यावर येऊन ती खालीच बसली. खोकता खोकता म्हणाली, "आणलं मिरीले."

नासिरभाई पुढे आले.

त्यांच्या छातीशी धरलेली मिरी थरथरत होती.

"भाभी, तुमी दार उघडलं तवाच ही पायातून सटकली. मी मागं धावून पकडली, तवर तुमी परत आत गेल्या. आवाज देऊन देऊन गळा बसला माहा."

सगळ्यांचे डोळे टोपलीकडे गेले.

टोपलीच्या विणीतून पाणी गळत होतं. गढूळ, मातकट. तापलेल्या डांबरावर पडून त्याची वाफ होत होती.

नासिरभाईंनी झाकण उघडलं.

आत काही नव्हतं...

आग विझली. जीवितहानी झाली नाही. शेखरने आठवडाभरात अमरावतीला जागा पाहिली. मांजरींना घेऊन दोघं निघून गेले. गोष्ट इथेच संपायला हवी होती.

पावसाळ्याच्या तोंडावर पार्बताबाईंचा फोन आला.

"एक डाव येऊन जाय, बाई. आवाज अजून येते. पण आता थे मांजरीले बोलावत नाई. इचारते."

"काय विचारते?"



"आली का वं भायेर, म्हणते. दिवसभर. मी काय सांगू तिले? टोपली तं तुह्या हातात होती."

प्राजक्ता गेली. शेखर नको म्हणत होता, तरी गेली. काळवंडलेल्या घरात एकटी शिरली आणि मागच्या खोलीच्या उंबऱ्याशी उभी राहिली.

आतून खरंच आवाज आला. अगदी जवळून.

"आली का वं... भायेर?"

"आली, गोदामावशी," ती म्हणाली. "सुखरूप आली. माझ्याजवळ आहे."

आत कोणीतरी लांब श्वास सोडला. मग सगळं शांत झालं.

त्या दिवसापासून त्या घरात आवाज नाही. पार्बताबाई आता निवांत झोपतात.

प्राजक्ता झोपत नाही. परवा ती मला म्हणाली, "हातात धडधड लागत होती रे. झाकण मीच लावलं होतं. मग ती गेली कुठे? मी खोटं बोलले का तिच्याशी?"



तुम्हाला उत्तर देता येत असेल तर सांगा.