सहावा रकाना

त्या काळात बाळंतिणींच्या वॉर्डात शिरलं, की दमलेली बाई ओळखणं फार सोपं असे. जिच्या अंगावर पांढरा कोट आणि हातात फाइल, ती. बाकीच्या सगळ्या, म्हणजे काल-परवा बाळंत झालेल्या बाया, खाटांवर मांडी घालून टवटवीत बसलेल्या. कुणी वेणी घालतेय, कुणी शेजारणीच्या नवऱ्याची नक्कल करतेय. तीन नंबरच्या खाटेवरच्या बाईने दुसऱ्याच दिवशी व्हरांड्यात लंगडीचा डाव मांडून सगळ्यांना बाद केलं होतं. बाळाला कडेवर घेऊन केलं, असंही काही जण सांगत. पण बाळाचं पांघरूण सुटलं नव्हतं एवढंच पक्कं.

क्षिती वाघमोडे नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला होती. आठवड्यात तीस बाळंतिणींचे केअर प्लॅन लिहून द्यायचे होते, वर ड्युटी होतीच. सत्तावीस झाले होते. अठ्ठाविसावा लिहिताना तिला उभ्या उभ्या डुलकी लागली आणि पेनाची रेघ पानावरून कोटाच्या बाहीपर्यंत गेली.

बाळंतिणींच्या टवटवीचं कारण होतं शीणांतर. थकवा अंगात असतो असं आपण समजतो. प्रत्यक्षात त्याचा मोठा भाग मेंदूने धरून ठेवलेला असतो. अंगाने जे सोसलं त्याची एक लहर मेंदूत फिरत राहते, आणि ती फिरतेय तोवर माणूस दमलेलं राहतं. ही लहर टिपता येते आणि दुसऱ्याच्या मेंदूत सोडता येते, हा शोध डॉ. मुजावरांचा. पण मेंदू मोठा चिवट. आपली लहर दुसऱ्या कुणीतरी खरोखर सोसली, अशी पोच आल्याशिवाय तो ती सोडत नाही. त्यामुळे शीण नुसता काढून फेकता येत नसे. घेणारं माणूस लागे. त्याला म्हणायचे धारक. दोघांच्या कानामागे तांदळाएवढं बटण बसवलं, की धारक दहा गावं ओलांडून असला तरी चाले.

केअर प्लॅनमध्ये पूर्वी पाच रकाने असत: बाईला काय होतंय, त्याचा अर्थ काय, काय साधायचं, त्यासाठी काय करायचं आणि ते झालं का. आता सहावा आला होता. धारकाचा क्रमांक. बहुतेक वेळा तिथे बाळंतिणीची आई असे. पहिलं बाळंतपण माहेरचं, तेव्हा शीणही माहेरचा, हे कुणी न सांगता ठरून गेलं होतं. आईने संमतीचा अंगठा द्यायचा, तो सव्वा महिना चाले. पण खुरपून-भांगलून ज्यांच्या बोटांवरच्या रेषाच गेल्या, त्यांचा अंगठा यंत्राला उमटेना. मग सरकारने सवलत दिली. अंगठा नको, नर्सची सही पुरे.

हा अठ्ठाविसावा प्लॅन अकरा नंबरच्या खाटेवरच्या ओवी सरगरचा होता. तिचं टाक्यांचं दुखणं गोळ्यांनी निघालं, पण शीण घ्यायला कुणी निघेना. आई वारलेली. सासू म्हणाली, "दोन जावांचा घेतलाय मी. आता मलाच कुणी तरी उचला." नवरा ट्रक चालवणारा, आणि ड्रायव्हर, पायलट, शाळेची बस हाकणारे यांना धारक व्हायला बंदी होती.

क्षितीने मग सगळे करतात तेच केलं. सीनियरची फाइल काढली. नर्सिंग कॉलेजात सीनियरच्या फाइली पिढ्यान्‌पिढ्या खाली येतात. गर्भाशय घट्ट आहे का पाहणे, रक्तस्राव किती ते पाहणे, बाळ छातीला धरायला शिकवणे, सगळं सुवाच्य अक्षरात तयार. सहावा रकानाही तयार. तो नऊ आकडी क्रमांक क्षितीने आदल्या सत्तावीसपैकी अठरा प्लॅनमध्येही, धारक शोधत न बसता, उतरवला होता. "तो नमुन्याचा नंबर आहे गं, सगळे तोच टाकतात," असं सीनियरने बजावून सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ओवी खाटेवर बसून पाय हलवत होती.

"ताई, माझं कोण घेतंय?"

"काय घेतंय?"

"शीण हो! सकाळी उठले तर हलकी हलकी. वाटलं, कुणाचं तरी अंग चुकून घालून आले." तिने उशाचा डबा पुढे केला. "डिंकाचे लाडू आलेत, त्यातले निम्मे तिला द्यायचे. धारकाला गोड न देता बाळाचं बारसं करायचं म्हणजे बरं नाही दिसत. नाव सांगा."

क्षितीने फाइल उघडून सहावा रकाना पाहिला. नमुन्याचा नंबर कुणाचा शीण घेत नसतो.

ती डबा घेऊन तशीच डॉ. मुजावरांच्या खोलीत गेली. ते टेबलावर डोकं टेकून बसले होते. ऐकता ऐकता त्यांनी डोकं उचललं.

"विद्यार्थ्यांचे प्लॅन नुसते तपासून बासनात जातात ना, सर? सरावाचे असतात ना?"

"जायचे. नर्स कमी पडायला लागल्या तेव्हापासून तुमच्याच सहीने थेट यंत्राला जातात. गेल्या वर्षीच परिपत्रक निघालं."

"आम्हाला कुणी दाखवलं नाही."

"मलाही नाही. मी ते फाइलीत शोधलं." त्यांनी क्रमांक टाकला. पडद्यावर नाव आलं: अश्विनी कोळेकर, वय एकसष्ट. दोन वर्षांपूर्वी लेकीच्या बाळंतपणात धारक. नावाखाली यादी सुरू झाली ती संपेना. चौदा महिन्यांत तीनशे सात बाळंतिणी. त्या घडीला चालू एकोणीस, सगळ्या क्षितीच्याच सहीच्या.

"मरेल की हो माणूस," क्षिती म्हणाली.

"मरायच्या खूप आधी धोक्याची घंटा वाजते. वाजलेली नाही." मुजावरांनी चष्मा पुसला. "यंत्र बिघडलंय. दुसरं काय असणार? चल."

अर्ध्या तासाने जीप कोळेकरांच्या दाराशी थांबली. अश्विनीबाई गोठ्यात शेण भरत होत्या. पाटी डोक्यावर घेताना क्षणभर खांबाला टेकल्या, डोळे मिटले, उघडले आणि चालू लागल्या.

"आजी, बसा जरा," क्षिती धावली.

"बसले तर उठायची नाही मी. बोल, उभ्यानं ऐकते."

क्षितीने सगळं सांगितलं, फाइल, नंबर, उतरवणं. सांगताना रडली. अश्विनीबाईंनी पाटी ओतली, हात धुतले आणि तिच्याकडे नीट पाहिलं.

"म्हंजे ते माझं नव्हतं?"

"नाही, आजी. एकोणीस बायकांचं आहे."

"आन मी लोहाच्या गोळ्या खातेय!" त्या हसल्या. "वाटलं, वय झालं. जेवता जेवता झोप लागती, हे काय कुणाला सांगायचं असतं का? बटण बंद कराय येतो म्हणालेले, कुणी आलंच नाही. माझ्याही ध्यानातनं गेलं."

मुजावरांनी शीणमापक काढून त्यांच्या कानाशी धरला. त्यावर मुद्दाम जुन्या धर्तीचा काटा होता, कारण आकड्यांवर लोकांचा विश्वास बसत नसे. काटा चढला आणि लाल रेघेच्या जेमतेम अलीकडे थांबला.

"यंत्र बिघडलेलं नाही," ते हळूच म्हणाले. "या रेघेच्या पुढे गेलं तरच घंटा वाजते."

"ही रेघ कुणी आखली?"

"मीच. जिल्ह्यातल्या पन्नाशीपुढच्या हजार बायकांचं रोजचं माप घेतलं. ज्या आजारी नाहीत, कामाला जातात, तक्रार करत नाहीत, अशा. त्यांचं जास्तीत जास्त ते ठीक, त्यापुढे धोका."

आता प्रश्न सोडवायचा होता तो क्षितीने. प्लॅन तिने लिहिलेले, सही तिची, म्हणून नाव काढायलाही सही तिचीच लागणार होती. बाकीचे अठरा शीण ज्यांचे त्यांच्याकडे परत जाणार होते. उद्या त्यांच्या घरची माणसं बोलावून नवे धारक नेमता आले असते. ओवीला बोलावायलाच कुणी नव्हतं. नऊ टाके, रात्रभर रडणारं बाळ आणि अंगातून एकदम उसळून आलेला शीण.

"सही केली की माझं नाव कळेल सगळ्यांना, नाही?"

"कॉलेजातून काढतील कदाचित. कदाचित नाही. नर्स कमी आहेत."

क्षितीने सही केली. ओवीच्या प्लॅनचा सहावा रकाना पुन्हा उघडला आणि तिथे स्वतःचा क्रमांक लिहिला. मुजावरांनी पेटीतून बटण काढून तिच्या कानामागे बसवलं आणि अश्विनीबाईंचं बंद केलं.

तिघंही काट्याकडे पाहत राहिले. एकोणीस बाळंतिणींचा शीण उतरला, आणि काटा करंगळीच्या नखाएवढा खाली आला. तिथे थांबला.

"अजून कुणाचा राहिलाय?" क्षितीने विचारलं.

मुजावरांनी यादी पाहिली. रिकामी होती. "कुणाचा नाही. हा त्यांचाच."

"बरं वाटतंय की," अश्विनीबाई म्हणाल्या आणि पाटी उचलून पुन्हा गोठ्याकडे वळल्या. जाता जाता ओवीच्या डब्यातला एक लाडू घेतला. "बाळाला बघायला येईन म्हणावं."

क्षितीने खांब धरला, डोळे मिटले आणि पाय घट्ट रोवून उभी राहिली. गोठ्यात खराटा वाजत होता. बराच वेळ गेला.

"सर, काहीच होत नाही. माझं बटण लागलं नाही वाटतं."

मुजावरांनी शीणमापक तिच्या कानाशी धरला, उतरवला, पुन्हा धरला. काटा लाल रेघेच्या जेमतेम अलीकडे होता. मग तो बंद करून खिशात टाकला.

"लागलंय," ते म्हणाले. "ओवीचा शीण येऊन चार मिनिटं झाली."