फोटोच्या पोटातली चिठ्ठी

तुम्ही विश्वास ठेवणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. ज्याला ज्याला ही गोष्ट सांगितली, तो चहा पिऊन, मान हलवून निघून गेला. पण एक फोटो चोरीला गेला आणि त्यातून माझ्या भाचीचं लग्न जुळलं, हे अगदी शंभर नंबरी खरं. जरा हळू बोलतो. भाची आत बटाटे सोलते आहे, आणि तिचे कान मांजराचे आहेत.

तेव्हा माझं फोटोचं दुकान होतं. तिथे कॉम्प्युटरवर एक तरुण बसायचा. गिऱ्हाइकांचे फोटो नेटवर टाकण्याजोगे करून देणं हे त्याचं काम. त्याला आम्ही 'कात्री' म्हणायचो, कारण फोटो कापायचा तसंच बोलणंही कापायचा. सकाळी 'आलो', संध्याकाळी 'जातो'. मध्ये शुकशुकाट.

भाचीला नाद वाळत घातलेल्या कपड्यांचे फोटो काढण्याचा. गॅलऱ्या, गच्च्या, दोऱ्या, चिमटे. फोटो इतके जिवंत, की आभाळ भरून आलं की आमची ही स्क्रीनवरचे कपडे काढायला धावायची.

एका दुपारी मी जेवायला घरी गेलो आणि नेमकी तेव्हाच भाची दुकानात शिरली. मी नव्हतो, तरी शब्दन्‌शब्द सांगतो.

"हे बारा फोटो नेटवरच्या माझ्या पानावर टाकायचेत."

"असे नाही."

"मग कसे?"

"छोटे करून. मोठा टाकला तर चोराचं फावतं."

त्याने एकेक फोटो आकसून घेतला. मग थांबला. "घराचा पत्ता पुसला."

"कुठून?"

"फोटोतून. जागा आपोआप नोंदलेली असते."

"म्हणजे तुम्ही वाचलात."

"पुसायचा तर... वाचावा लागतो."

"आणि पाठही झाला असेल?"

कात्रीचे कान लाल झाले. त्याने घाईघाईने विषय बदलला. "तुमचं नाव फोटोच्या मधोमध घालू?"

"मधोमध? शर्टावर नाव म्हणजे शाळेचा गणवेश दिसेल. कोपऱ्यात घाला, बारीक."

"कोपरा कापतात."

"तुम्ही कापाल. सगळी माणसं कात्री नसतात."

नाव कोपऱ्यात गेलं. "मोठे मूळ फोटो दोन जागी ठेवा," तो म्हणाला. "एक प्रत इथे..."

"मूळ माझ्याकडेच राहील," असं म्हणून तिने कॅमेऱ्याचं कार्ड जाकिटाच्या खिशात टाकलं.

मग ती दर आठवड्याला यायला लागली. तिच्यासमोरचा चहा गार व्हायचा, तरी फोटो संपायचे नाहीत. आता एक गंमत ऐका. प्रत्येक फोटोच्या पोटात एक चिठ्ठी असते. नुसतं बघून ती दिसत नाही, माहितीचा रकाना उघडावा लागतो. फोटो कुणी काढला, फोन नंबर काय, ते तिथे लिहायचं. ते रकाने कात्री ती गेल्यावर भरायचा. आणि जरा जास्तच वेळ भरायचा.

त्या वर्षी एका बातम्यांच्या वेबसाइटने स्पर्धा लावली. ज्याचा फोटो पहिला येईल, त्याला फोटोग्राफरची नोकरी. माझी बहीण लेकीला म्हणाली, "या वेळी जमलं तर जमलं. नाहीतर कपडे नुसते वाळत घालायचे. फोटो बंद." भाचीने एकटा लाल स्वेटर दोरीवर डुलतोय, तो पानावर टाकलेला फोटो पाठवला.

तीन दिवसांत वेबसाइटच्या संपादकबाईंचं बोलावणं आलं. तोच फोटो, कोपरा कापून, दुसऱ्याच एका टायवाल्याने स्वतःचा म्हणून पाठवला होता. भाची मूळ फोटो शोधायला घरी धावली, तर बहिणीने जाकीट धुऊन वाळत घातलेलं. खिशातल्या कार्डासकट.

संपादकबाई म्हणाल्या, "दोघांकडे सारखाच छोटा फोटो. मी कुणाचा धरू?"

"हिने माझ्या पानावरून उचलला असणार," टायवाला म्हणाला.

सोबत आलेला कात्री दाराशी उभा होता. गप्प राहिला असता तर त्याचं काहीच बिघडत नव्हतं, तिचं मात्र सगळं जात होतं. तो दोनदा पुढे आला, दोनदा मागे गेला...

"यांच्या फाइलची माहिती उघडा," तो टायवाल्याकडे बोट दाखवून म्हणाला. "पण... मोठ्याने वाचू नका."

बाईंनी अर्थातच मोठ्याने वाचलं. आधी भाचीचं नाव. मग तिचा नंबर. टायवाला टायची गाठ सैल करायला लागला. चोराने कोपरा कापला, पोटातली चिठ्ठी तशीच राहिली होती. आणि नावाखाली आणखी तीन ओळी होत्या —

'चहा गार करून पिते. हसताना डावा डोळा आधी मिटतो. हिला सांगायचंय, पण शब्द फार लागतील.'

काय सांगू... खोलीतला पंखा जागच्या जागी थांबला. मी बाईंच्या शेजारीच बसलो होतो. आणि त्याखाली, ठळक अक्षरांत, आपल्या कात्रीने लिहिलं होतं, 'माझ्याशी लग्न करशी—'

"मामा, थाप."

भाची दारात उभी. हातात अर्धा सोललेला बटाटा.

"पंखा चालू होता, आणि तू तिथे नव्हतासच. नोकरी मला मिळाली, तेवढं खरं. लग्नाचं त्याने लिहिलं नव्हतं. त्याचं धाडस त्या तीन ओळींतच संपलं."

"मग कुणी लिहिलं?"

"मी. पुढच्या आठवड्यात त्याला एक फोटो नेऊन दिला, रकाना आधीच भरलेला. त्याने वाचला. छोटा केला नाही, कापला नाही. नुसतं विचारलं, 'याची एक प्रत माझ्याकडे राहू दे?'"

"आणि तू?"

डावा डोळा आधी मिटला. "म्हटलं, प्रत कशाला... मूळच ठेव."