नीट घातलेली वेणी

दिवा हिरवा होता, तरी इंगळे बाई त्याच्याकडे वाकून वाकून बघत होत्या. सौदामिनी इंगळे म्हणजे राज्याच्या खेळघर-नियंत्रण खात्याच्या निरीक्षक. कुणावरही विश्वास ठेवायचा नाही, याचाच त्यांना पगार मिळायचा आणि त्या पगाराला त्या जागत होत्या.

"डॉक्टर, हा दिवा नेमकं काय बघतो? मला कळेल असं सांगा. जाहिरातीतलं नको," त्या म्हणाल्या.

दिव्याची तार जिच्या मनगटाला जोडलेली होती ती शमिका धुरी समोरच पत्ते पिसत उभी होती. प्रयोगशाळेतल्या उंदरासारखं तिला वाटत होतं, पण उंदराला निदान नोकरीची आस नसते.

डॉ. अंबरीष कर्णिक प्रसन्न हसले. जलनगरीतल्या 'रत्नदीप' कॅसिनोचं हे डीलर-प्रशिक्षणालय त्यांचंच, आणि हा दिवाही त्यांचाच. "हात हलण्याआधी मेंदू त्या हालचालीची जुळवाजुळव करतो. सरळ माणसाच्या डोक्यात एकच जुळवाजुळव चालते. लबाडाच्या डोक्यात दोन. एक लोकांना दाखवायची, दुसरी खरी करायची. ही मनगटी ती दुसरी हेरते आणि हेतुदीप तांबडा होतो."

"घाबरट माणूस उगाच तांबडा व्हायचा."

"मुळीच नाही. भीतीनं नाडी पळते, मनगटी नाडी बघतच नाही. घाबरलेला साधू हिरवा, निगरगट्ट चोर तांबडा."

"आणि कुणाच्या हातून नकळत गडबड झाली तर?"

डॉक्टरांचं हसू क्षणभर उशिरा आलं. शमिकाच्या ते नजरेत भरलं. "नकळत होते ती चूक हो. तिला लबाडी कोण म्हणेल?"

"मी म्हणत नाही, विचारतेय. तुमच्याच हाताला बांधून दाखवा की एकदा."

"छे! पिसणं शिकवणारे शिकवणमोजे आले तेव्हा पहिले मी माझ्याच हातांवर तपासले. हल्ली मात्र मी पत्त्यांना हात लावत नाही." असं म्हणून त्यांनी दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले. त्या अख्ख्या इमारतीत खिसे फक्त त्यांच्याच कोटाला होते. बाकी सगळ्यांच्या गणवेशाचे खिसे पहिल्याच दिवशी शिवून टाकले जात.

वेंगुर्ल्याहून बोटीनं तासाभरावर, समुद्रात खांब रोवून ही जलनगरी वसवली होती. पत्ते वाटायची यंत्रं इथं येऊन गेली होती. पण हरलेला माणूस यंत्रावर जितका भडकतो तितका माणसावर भडकत नाही, हे मालकांना लवकरच उमगलं. म्हणून पुन्हा माणसं घ्यायची ठरली आणि हेतुदीपाच्या साक्षीनंच पत्ते वाटले जातील असा कायदा झाला. त्या कायद्यात डीलरला 'पत्रवाटक' असा भारदस्त शब्द आहे. तो कायद्याबाहेर कुणी वापरल्याचं ऐकिवात नाही.

शमिका इथं आली ती पैशासाठी असं सगळे धरून चालले होते. पण तिला हवा होता तो दिवा. तिचे बाबा सरकारी गोदामात भांडारपाल होते. गोदामातली सिमेंटची पोती गेली. कुणी नेली ते कधीच ठरलं नाही, पण बाबांना 'संशयावरून' घरी बसवलं. चोरी सिद्ध तरी करावी लागते. संशयाला काहीच लागत नाही, आणि तो धुऊन निघत नाही तो नाहीच. धुऱ्यांची मुलगी दुकानात शिरली की दुकानदार काउंटरच्या पुढं येऊन उभा राहायचा. सरकारमान्य हिरव्या दिव्याचा परवाना भिंतीवर टांगला की मग बघू कोण बोलतंय, असं तिनं मनाशी ठरवलं होतं.

शिकवायला परुळेकर सर होते. या धंद्यात त्यांचे केस पांढरे झाले होते. बोलणं कमी, डोळा बारीक. शमिकाला ते पहिल्यापासून आवडले नाहीत.

"डीलर व्हायचंय? मग ऐका," ते म्हणाले होते. "हात चेहऱ्याकडं न्यायचा नाही. नाक खाजलं तर खाजू द्या. हिशेब तोंडी करायचा, ओठ न हलवता. खेळणारा हरला तर हसायचं नाही, जिंकला तर त्याहून हसायचं नाही. आणि टेबल सोडताना असं." त्यांनी टाळी वाजवल्यासारखे तळवे एकमेकांवर झटकले, मग उलटसुलट करून छतावरच्या कॅमेऱ्याला दाखवले. "रिकामे हात दाखवल्याशिवाय टेबल सोडणारा डीलर नव्हे, चोर."

शमिकाच्या ते इतकं अंगवळणी पडलं की जेवून उठतानाही तिचे तळवे आपोआप छताकडं वळत.

खरी कला होती ती वेणी. गड्डीचे दोन सारखे भाग करायचे आणि फर्र करून एकमेकांत मिसळायचे: एक पान डावीकडचं, एक उजवीकडचं, एक डावं, एक उजवं. साध्या माणसाला हे जन्मात जमत नाही. कुठं दोन पानं एकदम पडतात, कुठं तीन. पण शिकवणमोजे घालून सराव केला की ते मोजे बोटांच्या शिरांना हलकेच चिमटे काढत आणि महिन्याभरात बोटं शहाणी होत. असल्या दोन वेण्या घालायच्या आणि वाटायचं. इथल्या 'चौकडी' खेळात तीन खेळणारे आणि चौथं घर, म्हणजे कॅसिनो. पानं चौघांत एकेक करून सारखी वाटून संपवायची, घराला शेवटी; एक्के ज्याच्याकडं जास्त त्याचं पारडं जड. डाव संपला की पानं गोळा करायची, पण एक्के सगळ्यांत शेवटी उचलून गड्डीच्या तळाशी ठेवायचे. "एक्क्यांचा मान," सर म्हणत.

"सर, वाटण्याआधी कुणी पत्ते कापायचे नाहीत?" शमिकानं विचारलं होतं.

"कापायची पद्धत विश्वास नसेल तिथं. इथं हेतुदीप आहे."

"पण सर..."

"धुरी, डोकं बाजूला ठेव, हाताला करू दे." सरांनी तिच्याकडं रोखून पाहिलं. "मागच्या तुकडीत सावनी म्हणून गणिताची मुलगी होती. असेच प्रश्न विचारायची. परीक्षेत दिवा तांबडा झाला तिचा. बोंबलत होती, मी काही केलं नाही म्हणून. मीच काढली तिला बाहेर."

त्या दिवसापासून शमिका सरांकडं चोरट्या नजरेनं बघू लागली. माणूस प्रश्नांना घाबरतो तो उगाच नाही.

परीक्षेच्या आधी गणपती आले. शमिका घरी गेली. आरती, उसळ, मोदक झाले आणि जागरणाला मेंढीकोटाचा डाव पडला. दश्श्या म्हणजे मेंढ्या. ज्याच्याकडं चारी मेंढ्या जातील तो राजा. जिंकलेल्या मेंढ्या बाजूला मांडून ठेवायच्या, त्यामुळं गोळा करताना त्या शेवटी उचलल्या जातात आणि गड्डीच्या तळाशी जातात. पिसायला पत्ते शमिकाकडं आले. आता घरच्यांसमोर मिरवायचं नाही तर कुठं? तिनं फर्र, फर्र दोन वेण्या घातल्या. पोरं 'आईशप्पथ' म्हणाली. तिनं एकेक करून वाटलं, पानं उचलली, तर चारी मेंढ्या तिच्याच हातात.

पहिल्यांदा सगळे हसले. पुढच्या वेळी तिनं वाटलं तेव्हाही चारी तिच्याकडंच. मग मात्र सुमतीकाकूनं पत्ते खाली टाकले.

"शमिके, खरा सांग. पत्ते लावतंस मा?"

"नाही गो काकू! देवासमोर बसून लावीन?"

"मगे माका कापूक दी." काकूनं गड्डी मधूनच कापली. शमिकानं वाटलं. चारी मेंढ्या काकूकडं! काकू क्षणात सगळं विसरली. "बघलंस? कापल्यार कसा न्याय होता!"

सगळे हसले, पण शमिका हसली नाही. कापलं तर काकूकडं, न कापलं तर वाटणाऱ्याकडं. पण दर वेळी चारी एकाच हातात. खोलीत बाबाही होते. त्यांनी तिच्या हातांकडं पाहिलं ते ज्या नजरेनं लोक त्यांच्याकडं पाहत त्याच नजरेनं.

पहाटे सगळे झोपल्यावर तिनं पानं उघडी मांडून एक एक करत वेणी घातली. आणि उलगडा झाला. फार नीट मिसळलेलं मुळी मिसळलेलंच नसतं. उधळून टाकलेल्या पानांचा ठाव लागत नाही. वेणीत मात्र प्रत्येक पेड कुठून कुठं गेला ते ठरलेलं असतं.

परतीच्या बोटीत ती विचार करकरून थकली. आता आपल्याला माहीत आहे. माहीत असून वेणी घातली तर दिवा तांबडा. मुद्दाम बिघडवली, तर दाखवायची एक आणि करायची दुसरी, म्हणजे पुन्हा तांबडाच. सावनीचं हेच झालं असणार. तिनं चोरी केली नव्हती, तिला चोरी दिसली होती! आता आजारी पडून निमूट घरी जाता येत होतं. किंवा टेबलाशी उभं राहून चोर ठरता येत होतं, चोराची मुलगी चोर. अन् हे सगळं त्या परुळेकरांनी केलं, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती.

परीक्षेच्या सभागृहात ओळीनं टेबलं, प्रत्येक टेबलावर दिवा. पुढच्या टेबलाशी नमुना दाखवायला परुळेकर सर, बाजूला डॉ. कर्णिक, समोर इंगळे बाई. सगळ्यांनी मनगट्या बांधल्या. सर म्हणाले, "घाला वेणी." सगळीकडं एकदमच फर्र झालं. सगळे दिवे हिरवे, शमिकाचा तांबडाभडक.

"बाहेर काढा तिला," कर्णिक लगेच म्हणाले. "बघितलंत बाई? यंत्र कसं काम करतं ते!"

"थांबा." इंगळे बाई शमिकाच्या टेबलाशी आल्या. "काय करत होतीस?"

"सांगते. पण आत्ता नाही." शमिकानं पत्ते खाली ठेवले. "मी सांगितलं की कुणाच्याच दिव्याला अर्थ राहणार नाही. आधी डॉक्टरांनाही मनगटी बांधा आणि परुळेकर सरांबरोबर एक वेणी घालायला लावा. मग सांगते."

"हा काय पोरखेळ!" कर्णिक म्हणाले. "मला कुठं सवय..."

"मोजे पहिले तुमच्याच हातावर तपासलेत ना?" बाई म्हणाल्या. "नाही म्हणत असाल तर तसं लिहून घेते."

कर्णिकांनी खिशातून हात काढले. शमिकाचे डोळे मात्र परुळेकरांच्या दिव्यावर खिळले होते. सरांनी वेणी घातली. कर्णिकांनीही घातली, सुरेख, एक पान इकडंतिकडं नाही.

सरांचा दिवा हिरवा होता. कर्णिकांचा तांबडा.

शमिकाला आपल्याच डोळ्यांवर विश्वास बसेना. अरे देवा, म्हणजे इतके दिवस आपण भलत्याच माणसावर डूख धरून बसलो!

"घाबरलो मी, दुसरं काय!" कर्णिक म्हणाले.

"भीतीनं तांबडा होत नाही," बाई शांतपणे म्हणाल्या. "घाबरलेला साधू हिरवा. तुमचेच शब्द. आता या सभागृहात दोघांनाच काहीतरी माहीत आहे. बोल ग मुली. बाकीच्यांनी हात थांबवायचे नाहीत, वेण्या घालत राहा."

शमिका बोलू लागली. "एक्के शेवटी उचलायचे, म्हणजे ते गड्डीच्या तळाशी, एकाला एक लागून. पहिल्या वेणीत दोन एक्क्यांमध्ये एक पान येतं. दुसऱ्या वेणीत तीन. आता चौघांत वाटा. दर चौथं पान कुणाचं?"

पुढच्या रांगेतल्या एका मुलीचा दिवा तांबडा झाला. मग तिच्या शेजारचा. ज्याला जसं समजत गेलं तसा त्याचा दिवा बदलत गेला. मागच्या कोपऱ्यातला एक मुलगा जरा उशिरा 'अय्यो' म्हणाला आणि त्याचाही झाला.

"घराचं," शमिका म्हणाली. "कापलं तर दुसऱ्याकडं जातील, म्हणून कापणं बंद केलं. आणि आपल्याला माहीत नाही, म्हणून दिवे हिरवे. जाणून फसवणाऱ्याला हा दिवा पकडतो. म्हणून त्यांनी फसवायला न जाणणारे हात तयार केले."

परुळेकर सर अजून वेणी घालत होते. त्यांचा दिवा सगळ्यांत शेवटी तांबडा झाला. त्यांनी पत्ते खाली ठेवले.

"म्हणजे ती सावनी..." ते म्हणाले. "बोटीत बसेपर्यंत ती मला सांगत होती, सर, ऐकून तरी घ्या. मी ऐकलं नाही." त्यांनी तळवे झटकले, उलटसुलट करून कॅमेऱ्याला दाखवले आणि टेबल सोडलं. डोळे पुसायला हात चेहऱ्याकडं न्यायचा नसतो, हे मात्र ते विसरले.

कर्णिकही दाराकडं निघाले होते, हात खिशात.

"डॉक्टर," इंगळे बाई म्हणाल्या, "हात दाखवल्याशिवाय टेबल सोडायचं नसतं." दारातले दोन शिपाई पुढं झाले.

सगळं निवळल्यावर बाई शमिकाजवळ बसल्या. त्यांच्या पुढ्यात परीक्षेचा कागद होता. "हे बघ, दिवा तांबडा पडलाय. कायदा बदलेपर्यंत मला परवाना देता येणार नाही."

"ठाऊक होतं मला."

"नाकारल्याचं कारण लिहावं लागतं. नेहमीचा शब्द आहे, 'संशयावरून'."

"तो नको, बाई." शमिकानं कागदावर बोट ठेवलं. "हा कागद माझ्या घरी जाईल. बाबा वाचतील. 'माहीत होते म्हणून', असं लिहा."

इंगळे बाईंनी तिच्याकडं पाहिलं. मग तसंच लिहिलं आणि खाली सही केली.