पाठमोरी धुरपदा

भेस्तानच्या मंडळाचं कलाप्रदर्शन म्हणजे काय, तर समाजाच्या हॉलात लोकरीचे ससे, थर्माकोलची मंदिरं, पोरींच्या रांगोळ्या आणि कोपऱ्यात सुपडूभाऊचं एखादं चित्र. दरसाल तेच. सुपडूभाऊ साड्यांच्या छपाई मिलमध्ये डिझाइन ट्रेस करायचा. काचेचं टेबल, खालून दिवा, आणि डोळ्यांना पाणी येईस्तोवर पानं, वेली, कैऱ्या. जन्म गेला त्यात. मान अवघडलेली, बोटं आखडलेली, घरी आल्यावर चहा टाकायचाही कंटाळा. तरी दिवाळीनंतर मंडळाचे बाबुराव दारात येऊन उभे राहिले की त्याला नाही म्हणवत नसे.

त्या वर्षी, म्हणजे शहाण्णव साली, त्यानं बायकोचं चित्र काढायला घेतलं. धुरपदा जाऊन बरीच वर्षं झाली होती. तिचा एकुलता एक फोटो ट्रंकेत होता, आणि दोन वर्षांपूर्वीच्या प्लेगच्या पळापळीत ती ट्रंक उधना स्टेशनावर कुठे गेली कोण जाणे. तेव्हा त्यानं मनाला लावून घेतलं नव्हतं. चेहरा काय, डोक्यात आहेच की! आता ब्रश हातात धरून बसला, तर डोक्यात काहीच नव्हतं. साडीचा हिरवा रंग आठवे, मानेवर सैल पडलेला अंबाडा आठवे, स्टोव्हला पंप मारताना हलणारे खांदे आठवत. तोंड तेवढं नाही. गेलेल्या माणसाला आपण पुन्हा एकदा मारलं, असं त्याला वाटलं. एकदा, फक्त एकदा ते तोंड दिसावं, मग डोळे मिटले तरी चालतील, असं तो स्वतःशीच पुटपुटायचा. शेवटी थकून त्यानं तिला स्टोव्हपुढं पाठमोरी काढलं आणि सुटला.

प्रदर्शनाच्या पहिल्या दिवशी शेजारच्या मालतीबाई चित्रापुढं थबकल्या. धुरपदाची जुनी मैत्रीण ती.

"धुरपदाले कितली मस्त काढी हो भाऊ! डोया तर जशाच तशा," पदरानं डोळे पुसत त्या म्हणाल्या.

बाईंचा चष्मा घरी राहिला असेल, असं सुपडूभाऊला वाटलं. मग बाबुराव आले. "काय चेहरा साधलाय, सुपडूभाऊ! एकदम फर्स्ट क्लास. इतकी वर्षं पानं-फुलं काढत कुठे लपवली होती ही कला?" थट्टा म्हणावी, तर बाबुराव थट्टा करणाऱ्यातले नव्हते. सुपडूभाऊनं वळून पाहिलं. हिरवी साडी, सैल अंबाडा, पाठ.

दुपारी त्याची लेक उज्ज्वला कामरेजहून आली. चित्र पाहिलं आणि हमसून रडायलाच लागली. "आप्पा, ही आईच आहे. तुम्हाला इतकी आठवते?"

तो खुर्चीवरून उठला. "कुठे बघतेय गं ती?"

"असं काय विचारता? तुमच्याकडेच की. तुम्ही खुर्चीवरून उठलात, तर नजरही तुमच्यामागं आली."

मग त्यानं काय काय करून पाहिलं नाही! दारातून एकदम वळून पाहिलं. लोकांच्या खांद्यांआडून पाहिलं. आरसेकामाच्या तोरणात चित्र उलटं पाहिलं. मागच्या गल्लीतले लूम खडखडत होते, हॉलात ताज्या रंगाचा आणि उदबत्तीचा वास कोंडला होता, आणि बायका येऊन चित्रातल्या बाईकडे बघून हसत होत्या, समोरून कुणी हसल्यावर हसावं तसं. त्याला मात्र पाठच. आधी भीती वाटली, मग राग आला.

"सगळ्या समाजाला तोंड दाखवतेस, आणि नवऱ्याला पाठ?" तो चित्राला म्हणाला.

मग रागही दमला. तो नुसता खुर्चीवर बसून राहिला.

शेवटच्या दिवशी सामान आवरताना बाबुराव तणतणत आले. "हे काय केलंत भाऊ? चांगलं तोंड होतं, आणि पाठ कशाला काढून ठेवलीत?"

"काबर बदली टाकं हो?" मालतीबाई कळवळून म्हणाल्या.

उज्ज्वला जवळ गेली. तिनं अंबाड्यावरून बोट फिरवलं. "रंग तर सुकलेला आहे, आप्पा."

सुपडूभाऊनं मान वर केली.

चित्रातली बाई त्याच्याकडे तोंड करून बसली होती.

रुंद कपाळ. जुळलेल्या भुवया. ओठांवर हसू, आपल्या माणसाकडे बघून हसावं तसं.

काचेच्या टेबलावर नक्षी तपासावी तसा तो बघत राहिला. कपाळ पाहिलं, नाक पाहिलं, हनुवटी पाहिली. आत काहीच हललं नाही.

ही कोण?

त्यानं लेकीचा हात धरला. "उज्ज्वला," अगदी हळू आवाजात त्यानं विचारलं, "तुझ्या आईच्या भुवया जुळलेल्या होत्या का गं?"

"होत्या ना. असं कसं विसरलात, आप्पा?"

त्यानं पुन्हा वर पाहिलं. बाई अजून त्याच्याकडेच बघत होती. ओठांवरचं हसू तेवढं गेलं होतं.